पश्चिमेचा पडदा वीतभर

नमस्कार मंडळी.

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाच्या गाडीला घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करते, कुणाचा पंखा लाईट गेल्यावरही फिरत राहतो… मी चहा पिता पिता मनातल्या मनात प्रत्येकाचं उत्तर शोधत बसते. बाई म्हणजे धुकं, पंखा म्हणजे इन्व्हर्टर. कमेंट टाकत नाही, उगाच कुणाचा हिरमोड कशाला करा. पण आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

मी सोनाली. मळवली स्टेशनवरून भाज्याकडे यायला लागलं की एक ओढा लागतो, त्याच्या पलीकडे आमचं घर आणि शेत. नोकरी हिंजवडीत, पण आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम चालतं. घरात आबा म्हणजे माझे वडील, दादा आणि वहिनी. (मी अजून माहेरीच का, हे कमेंटमध्ये विचारू नये.)

माझं काम कंटेनरचं. बंदरावरचे लोखंडी नव्हेत हो, सॉफ्टवेअरचे. आबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते वर्षभर गावात सांगत फिरले की आमची पोरगी बंदरात कामाला आहे. वहिनीला मात्र मी नीट समजावलं. म्हटलं, तू मला डबा भरून देतेस ना… भाजी, पोळी, मीठ, लोणचं, सगळं एकात. मी तो ऑफिसात उघडला काय आणि लोकलमध्ये उघडला काय, जेवण तेच. तसंच प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका डब्यात घट्ट भरायचं आणि तो डबा उचलून कुठल्याही मशीनवर चालवायचा. वहिनी म्हणाली, मग तुला एवढा पगार कशाला देतात? मी म्हटलं, कारण त्यात एक मेख आहे.

मेख अशी की मशीनचे प्रोसेसर वेगवेगळ्या जातीचे असतात. एका जातीसाठी बांधलेला डबा दुसरीवर चालत नाही. आपल्या इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवून बघा. आत भाजी कितीही चांगली असू दे, शेगडी नुसती पीं पीं करते आणि बंद पडते. गरम थोडं कमी होतं असं नाही, होतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझा पुढचा सगळा अनुभव एवढ्यावर उभा आहे.

आता दादाबद्दल. दादाचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे. आमच्या मावळात भात तर सगळेच करतात, पण दादाने कर्ज-बिर्ज न काढता, हळूहळू, एकेक पाईप जोडून हे उभं केलं. लाल गुलाब, लांब दांड्याचा, व्हॅलेंटाइनच्या आधी जो जातो तो. आबांना हे कधीच फारसं पटलं नाही. त्यांच्या मते फूल ही देवाला वाहायची वस्तू, पिकवून खोक्यात भरायची नव्हे. त्यात आमच्या शेताच्या दोन्ही बाजूंना पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झाले. शनिवार-रविवारी तिथे गाणी वाजतात, बाकी दिवस कुलूप. एक बंगलेवाली पार्टी आबांच्या मागे हात धुऊन लागली होती, हा पॉलीहाऊसचा तुकडाच द्या म्हणून, कारण तिथून समोर विसापूरचा किल्ला दिसतो. मागची दोन वर्षं रोगाने बहार हातचा गेलेला, त्यामुळे आबाही मऊ झाले होते. त्यांनी शेवटी दादाला सांगितलं, यंदाचा बहार बघू, नाही साधला तर देऊन टाकू.

 त्या रात्री जेवणाच्या ताटावरून उठता उठता दादा म्हणाला, "बंगला झाला की गेटवर वॉचमन लागनार. आन तितं मलाच बशिवनार हायेत, बघ."

थट्टेतच म्हणाला, पण आमच्याकडे असे वॉचमन आहेत. स्वतःच्याच शेतात, दुसऱ्याच्या गेटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. 

म्हणून मी माझ्या परीने हातभार लावला. पॉलीहाऊसला दोन बाजूंना लांबच्या लांब प्लास्टिकचे पडदे असतात. रात्री थंडीसाठी बंद ठेवायचे आणि सकाळी ऊन चढलं की उघडायचे. नाही उघडले तर आत भट्टी होते आणि विकायच्या कळ्या झाडावरच फुलून वाया जातात. दादा हे पडदे बाहेरून हँडल फिरवून वर-खाली करायचा. मी दोन्हीकडे मोटारी बसवल्या, आत तापमानाचे सेन्सर टांगले आणि पॅकिंगच्या शेडमध्ये पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवला. त्यावर माझा प्रोग्रॅम. अर्थातच कंटेनरमध्ये, घरचं काम असलं म्हणून काय झालं.

एका गोष्टीवरून आमचं सारखं वाजायचं. माझा प्रोग्रॅम दोन्ही पडदे सारखे उघडायचा. दादाचं म्हणणं, पश्चिमेचा वीतभर आणि पूर्वेचा कमरेपर्यंत, कारण घाटातून येणारा वारा पश्चिमेकडून शिरतो. मी सेन्सरचे आकडे दाखवायचे, फरक अर्ध्या डिग्रीचा. तो म्हणायचा, आकडं तुझ्यापाशी ठिव. शेवटी मी ऑफिसात क्लायंटला सांगते तेच सांगून सुटका करून घेतली, की पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. घरात हे वाक्य इतकं गाजलं की आबासुद्धा भाजीत मीठ कमी असलं की वहिनीला म्हणायला लागले, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.

आणि मोटारी बसवण्यामागे आणखी एक कारण होतं. आमच्या गावात माघी पौर्णिमेला देवीची जत्रा असते आणि त्या दिवशी शिवार पाळतात. शेतात पाय ठेवायचा नाही, पिकाला हात लावायचा नाही, विळा-कात्री उचलायची नाही. अख्खं गाव डोंगरावर देवीपाशी जातं आणि दिवस मावळायला उतरतं. ज्वारी-भाताला एका दिवसाने काही होत नाही, पण गुलाबाला होतं. आधी दादा बाहेर उभा राहून हँडल फिरवायचा आणि म्हणायचा, मी कुटं आत गेलोय. त्यावरून आबा दरवर्षी चिडायचे. मग मी आबांना विचारलं, मशीनने पडदा उघडला तर चालेल का? आबांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की मशीन काही मानसात धरत न्हाईत, चालंल. तर माझा प्रोग्रॅम खास त्या एका दिवसासाठी जन्माला आला म्हणा ना.

यंदा जत्रा आली ती बरोबर कटिंगच्या तोंडावर. कळ्या अशा भरलेल्या की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी पहाटे कटिंग करून माल पाठवायचा होता. आणि जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, रिव्हर्स घेणाऱ्या एका पर्यटकाच्या गाडीला चुकवताना, भाज्याच्या वळणावर दादाची बाईक घसरली. मांडीचं हाड मोडलं. त्याला तळेगावच्या एका हॉस्पिटलात नेलं, वहिनी आणि आबा रात्री तिथेच राहिले. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन, रॉड टाकावा लागेल.

मी घरी एकटी. सकाळी निघायच्या आधी मला वाटलं, आज शेतावर कुणीच नाही, तर पडदे उघडले-बंद झाले की माझ्या मोबाईलवर मेसेज येईल एवढी सोय करावी. दहा मिनिटांचं काम. माझा स्वतःचा लॅपटॉप चहा सांडल्यामुळे रिपेअरला होता, म्हणून ऑफिसचा उघडला. कोड लिहिला, डबा बांधला, पाठवून दिला. शेडमधल्या त्या छोट्या कॉम्प्युटरने नवा डबा उतरवून घेतला, जुना बंद केला आणि मेमरी कार्डावर जागा अडायला नको म्हणून पुसूनही टाकला. ही शिस्त मीच त्याला लावलेली. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, आबांचं बीपी वाढलंय, लवकर ये. मी लॅपटॉप मिटला, पॉलीहाऊसचं दार लावलेलं आहे ना एवढं बघितलं आणि वहिनीची स्कूटर काढली. पॉलीहाऊसच्या कुलपाची एकच किल्ली आहे आणि ती वहिनीच्या पर्समध्ये होती.

ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना झापते, की बाबांनो, डबा पाठवल्यावर तो चालू झालाय का हे बघितल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. आणि त्या दिवशी मीच उठले.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा दादाला आत न्यायची तयारी चालली होती. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्याने पायाचं काही विचारलं नाही. "पडदं उघडलं का गं?" म्हणाला. मी म्हटलं, ऊन चढलं की उघडतील, तू कशाला काळजी करतोस, माझा प्रोग्रॅम आहे.

"पश्चिमेचा वीतभरच," तो म्हणाला. "आज वारं हाय."

मी हो रे बाबा म्हटलं आणि त्याला आत नेलं. पूर्ण भूल देणार होते. दार बंद झालं आणि मी सहज मोबाईल काढला. त्यावर मला त्या कॉम्प्युटरचं नुसतं स्टेटस दिसतं, बाकी काही करता येत नाही. आणि तिथे लाल अक्षरांत एकच ओळ पुन्हा पुन्हा… एक्झेक फॉरमॅट एरर.

 ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना एवढ्यावरच कळलं असेल. ही ओळ एकाच गोष्टीसाठी येते. डबा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला आहे. माझा लॅपटॉप आणि शेडमधलं मशीन एका जातीचे, ऑफिसचा लॅपटॉप वेगळ्या. बांधताना कुठल्या जातीसाठी ते एका शब्दात सांगायचं असतं, आणि घरी कधी गरजच पडली नव्हती म्हणून मी तो शब्द लिहिला नव्हता. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं. मशीन डबा उघडायला जात होतं, तो उघडत नव्हता, परत जात होतं, परत तेच.

जुना डबा पुसलेला. लॅपटॉप घरी. पडदे दोन्ही बंद आणि बाहेर लख्ख ऊन.

मी फोन लावत सुटले. पॉलीहाऊसमध्ये कामाला येणाऱ्या बायका, शेजारी, सरपंच, चुलत भाऊ… एकजात सगळे डोंगरावर. देवीच्या पठारावर रेंज नाही. आणि असती तरी त्या दिवशी शेतात पाय ठेवायला कोण तयार झालं असतं? बरं, झालं असतं तरी उपयोग नव्हता. कुलूप लावलेलं, आणि बाहेरून हाताने पडदा फिरवायचं हँडल दादाच्या बाईकच्या डिकीत. दोन दिवसांपूर्वी तेल द्यायला म्हणून काढलं होतं ते तिथेच राहिलेलं. बाईक कामशेतच्या गॅरेजात, आणि गॅरेजवाला पण आमच्याच गावचा, म्हणजे जत्रेत.

वहिनीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल. तिने पर्समधून किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जा, जे होईल ते होईल, ह्यांना मी काही सांगत नाही. आबा बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांना कळलं असावं.

तळेगावहून दुपारच्या वेळेला लोणावळ्याकडे लोकल मिळणं कठीण, म्हणून स्कूटरच हाणली. वडगाव, कान्हे, कामशेत… आणि कार्ला फाट्याला ही रांग. सुट्टीचा दिवस, सगळं मुंबई-पुणे लोणावळ्याला चिक्की खायला निघालेलं. मी गाड्यांच्या मधून, कडेने, मातीतून कशी घुसले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने स्वतःला शिव्या घालत होते, आणि मधूनच दादा त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला दिसायचा. घरी आल्यावर त्याला काय सांगणार होते? पुढच्या व्हर्जनमध्ये बघू?

ओढा ओलांडला आणि बांधावर गाडी टाकली. तो दिवस पाळायचा होता हे तेव्हा माझ्या डोक्यातही राहिलं नव्हतं. धावत पॉलीहाऊसच्या कोपऱ्यावर आले आणि तिथेच थांबले.

पश्चिमेचा पडदा उघडा होता. खालपासून वीतभर.

मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. पूर्वेचा माझ्या कमरेपर्यंत गुंडाळलेला, नीट, एका रेषेत. वारा पश्चिमेच्या फटीतून शिरत होता आणि पूर्वेकडून सरळ बाहेर निघत होता. दाराला कुलूप तसंच होतं. उघडून आत गेले तर छान गार. कळ्या घट्ट मिटलेल्या, आदल्या दिवशी होत्या तशाच. आत दादाने फार पूर्वी टांगलेला एक साधा थर्मामीटर आहे, त्यात दिवसातलं जास्तीत जास्त तापमान खुणेने अडकून राहतं. ती खूण तिशीच्याही आत होती. म्हणजे पडदे वेळेवर उघडले होते, ऊन चढता चढताच. मी दोन ओळींच्या मध्ये मातीत बसले आणि खूप वेळ नुसती बसूनच राहिले. फार बरं वाटत होतं, एवढंच खरं.

मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. शेडमध्ये गेले. मशीन बिचारं अजूनही तेच करत होतं. डबा उघडायला जायचं, एरर, परत. सकाळपासून एकदाही तो चालू झालेला नव्हता. आता टेक्निकल मंडळी म्हणतील, त्यावर एम्युलेटर असेल, म्हणजे एका जातीच्या मशीनला दुसऱ्या जातीचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. नव्हता. तपासलं. मोटारींचा हिशेब ठेवणारा एक आकडा असतो, किती फिरल्या ते सांगणारा. त्याच्या मते पडदे अजून पूर्ण बंदच होते. मोटारी हललेल्याच नाहीत. आणि समजा काही चमत्काराने प्रोग्रॅम चालला असता, तरी त्याने दोन्ही पडदे सारखे उघडले असते. वीतभर आणि कमरेपर्यंत… हे फीचर माझ्या कोडमध्ये नव्हतंच हो. ते पुढच्या व्हर्जनमध्ये होतं.

घरी जाऊन ऑफिसचा लॅपटॉप उघडला, या वेळी तो एक शब्द लिहिला, डबा पुन्हा बांधला आणि चालू झालेला डोळ्यांनी बघितला. पडद्यांना मात्र हात लावायचा धीर झाला नाही. मोटारींचा स्विच बंद करून ते संध्याकाळपर्यंत होते तसेच ठेवले. वहिनीला फोन करून म्हटलं, सगळं ठीक आहे. तिने कसं काय ते विचारलं नाही, नुसतं बरं म्हणाली.

संध्याकाळी पडदे बंद करून पुन्हा तळेगावला गेले. दादाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं आणि भूल उतरली होती. चेहरा ओढलेला, पण हुशार. मला बघून म्हणाला, पाय बरा हाय, पन खांदं लय भरून आल्यात. आबांनी विचारलं, खांद्याला कुठं लागलंय तुझ्या? तर म्हणतो कसा, हँडल फिरवून फिरवून भरलं.



"कुठलं हँडल?" मी विचारलं.

"न्हाई, सपनात आसंल," तो म्हणाला. "लय कोवळं ऊन पडलं हुतं. म्या आपला पडदा वर घेतोय, घेतोय… तितं कुनीच नव्हतं. झ्याक वाटत हुतं." आणि मग थोड्या वेळाने, "पश्चिमेचा वीतभरच ठिवला ना?"

मी हो म्हटलं. पहिल्यांदा त्याच्याशी वाद घातला नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या बायका आल्या, कटिंग झालं, माल गेला. माल असा होता की घेणाऱ्याने पुढच्या वर्षीचं आत्ताच बोलून ठेवलं. आबांनी त्या बंगलेवाल्या पार्टीला माझ्यासमोर फोन लावला आणि सांगितलं, जागा द्यायची न्हाई, आमचा पोरगा हाय करनारा. दादाने हे ऐकलं तेव्हा तो खाटेवर पाय वर करून पडला होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो रडत होता आणि मला आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू.

आबांचं स्पष्टीकरण तयार आहे. देवीच्या दिवशी माणसाने शेतात हात घालायचा नाही, म्हणून तिने मशीनही चालू दिलं नाही आणि पीकही जाऊ दिलं नाही. मग उघडलं कुणी, असं विचारलं की ते म्हणतात, दादाचं शरीर तळेगावला हुतं, त्यानं कुटं शेतात पाय ठेवला? म्हणजे नियम मोडला नाही. 

माझ्याकडे मात्र स्पष्टीकरण नाही. तोच चुकीचा डबा मी नंतर त्याच मशीनवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. प्रत्येक वेळी तीच लाल ओळ. कंपनीतल्या दोन हुशार सहकाऱ्यांना सगळं सांगितलं. एक म्हणाला, कुणीतरी माणूस येऊन गेला असणार. मी म्हटलं, कुठून, कशाने? दुसरा म्हणाला, सोनाली, तू सुट्टी घे. नवीन व्हर्जनमध्ये मी दादाचं फीचर घातलं आहे, पश्चिमेचा वीतभर आणि पूर्वेचा कमरेपर्यंत. आणि डबा आता दोन्ही जातींसाठी बांधते, वेळ लागला तर लागू दे.

दादा आता काठीशिवाय चालतो. सकाळी पॉलीहाऊसच्या कोपऱ्यावर चहा घेऊन उभा राहतो, मोटारीने पडदा वर जाताना बघतो आणि वीतभर झाला की मान हलवतो.

मी हे सगळं इथे लिहिणार नव्हते. पण परवा वहिनी आणि मी अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली की त्या दिवशी ऑपरेशननंतर नर्स तिच्यावर जरा रागावली होती. पेशंटला आत न्यायच्या आधी सगळं अंग स्वच्छ पुसलं होतं, मग बाहेर आल्यावर दोन्ही तळहात काळे कसे? वहिनीने जवळ जाऊन पाहिलं. ग्रीस होतं, पडद्याच्या गियरला लावतात ते, वासावरून तिने ओळखलं. तिने स्पिरिटचा कापूस मागून घेतला, त्याचे हात पुसले आणि कापूस टाकून दिला. दादालाही आजवर सांगितलेलं नाही.

मी तांदूळ तसेच ठेवले. म्हटलं, अगं वहिनी, एवढे महिने झाले, मी इकडे डोकं फोडून घेतेय… निदान मला तरी सांगायचंस.

ती सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "तुला सांगून काय? तू म्हणाली असतीस, कापूस ठेवायचा होतास."

म्हणालेच असते. अजूनही मनात तेच येतं.